जेवणाच्या टेबलावरचं मिग-२१ : कमी पसाऱ्यात मॉडेल कसं रंगवावं

प्लॅस्टिकचं मॉडेल किट आणलं जातं, डबा उघडून तुकडे पाहिले जातात, आणि रंगाच्या बाटल्या उघडायची वेळ आली की बरेच नवखे तिथेच अडतात. घरात टेबल एकच. त्यावरच जेवण, त्यावरच मुलांचा अभ्यास. बाटली कलंडली तर, सोफ्याला हात लागला तर, या धास्तीने किट माळ्यावर जातं ते तिथेच राहतं. ही धास्ती बाळगायचं कारण नाही. ब्रश आणि पाण्याने पातळ होणारे रंग एवढ्यावर छोटं विमान नीट रंगवता येतं, आणि रात्रीच्या पानं मांडायच्या वेळेआधी टेबल मोकळंही करता येतं.

उदाहरणासाठी १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मिग-२१ हे लढाऊ विमान घेऊ. खऱ्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, ७२ ने भागलं की जेमतेम १० सेंटिमीटर उरतात. लांबी साधारण एक वीत. एवढ्या आकाराला रंग फारच थोडा लागतो, म्हणून पहिल्या मॉडेलसाठी हे माप चांगलं. शिवाय या विमानाशी आपला जुना घरोबा आहे. १९६३ मध्ये ते भारतीय हवाई दलात आलं, नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये एचएएलचा, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या विमान बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा, कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला त्याला निरोप दिला गेला. झ्वेझ्दा, एडुआर्ड अशा कंपन्यांची १/७२ मधली मिग-२१ ची किट मिळतात. कुठलंही घ्या, पुढचं सगळं सारखंच लागू पडेल.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या, कारण बाकीचं तिच्यातूनच निघतं. टेबलावर एका वेळी जितका कमी ओला रंग, तितका कमी पसारा. म्हणजे उघडी बाटली एकच, पॅलेटवर दोन-तीनच थेंब, आणि ओला तुकडा कुठे ठेवायचा ती जागा ब्रश बुडवण्याआधीच ठरलेली. हात थरथरतो, सवय नाही, ही कारणं फार दुय्यम आहेत. डाग पडतात ते बहुतेक वेळा हातातल्या ओल्या चाकाचं काय करायचं हे सुचत नाही त्या दोन सेकंदांत.

रंग कोणता घ्यावा

पाण्याने पातळ होणारे ॲक्रिलिक घ्या, आणि शक्यतो ड्रॉपरच्या बाटलीतले. व्हॅलेहोचे रंग असे मिळतात. थेंब मोजून काढता येतात, बाटली उघडी ठेवावी लागत नाही आणि कलंडली तरी रंग सांडत नाही. पसारा टाळायचा असेल तर निम्मं काम ही बाटलीच करते.

तामियाचे ॲक्रिलिक रंग उत्तम आहेत, पण त्यात अल्कोहोल असतं. ब्रशने दुसरा थर देताना ते खालचा थर उचलून आणतात आणि नवखा माणूस गोंधळतो. शिवाय ते रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत येतात. पुढे एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, घेतलात तर त्यांचा विचार करा. हम्ब्रोलच्या १४ मिलिच्या डबीतले इनॅमल रंग ब्रशने सुरेख बसतात, मात्र त्यांना टर्पेंटाइन किंवा थिनर लागतं, वास येतो आणि वाळायला वेळ लागतो. पहिल्या मॉडेलला ते नकोत. चित्रकलेच्या ट्यूबमधले ॲक्रिलिक घरात असतील तर ते मॉडेलखालच्या जमिनीसाठी वापरा. विमानावर त्यांचा थर जाड बसतो आणि पत्र्यांच्या सांध्याच्या बारीक रेषा बुजून जातात.

ड्रॉपरच्या बाटलीबद्दल एक सूचना मात्र मनावर घ्या. तिच्या तोंडाशी रंग वाळून बसतो. तशी बाटली जोरात दाबली की गाठ सुटते आणि अर्धी बाटली एकदम बाहेर येते, तीही भिंतीपर्यंत. दाबून थेंब येत नसेल तर थांबा, बाटली सरळ उभी धरा, तोंडात टाचणी घालून मोकळं करा, टिश्यूने पुसा आणि मगच उलटी करा. हलवताना झाकण घट्ट लावा आणि त्यावर बोट ठेवा.

ताट आधी, रंग नंतर

काम कधीच थेट टेबलावर करू नका. काठ असलेला मोठा ट्रे घ्या. स्टीलची परात किंवा जुना चहाचा ट्रेही चालतो. पाणी सांडलं तरी काठाच्या आत राहतं. त्याहून मोठा फायदा असा, की जेवणाची वेळ झाली तर सगळा संसार जसाच्या तसा उचलून कपाटावर ठेवता येतो. लहान घरात हा छंद टिकायचा तर हे फार उपयोगी पडतं.

ट्रेमध्ये खाली साधा पांढरा कागद किंवा किचन टिश्यू अंथरा. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही, त्यामुळे थेंब इकडेतिकडे पळतो. वर्तमानपत्राची शाई ओल्या बोटांना लागते आणि तिथून फिकट रंगावर उतरते.

पाण्यासाठी जड बुडाची, बुटकी काचेची बरणी घ्या. जॅमची छान. पाणी दोन बोटं उंच, काठोकाठ नको. अशा दोन बरण्या ठेवा: पहिलीत ब्रश खंगाळायचा, दुसरीत शेवटचा धुवायचा. चंदेरी रंग वापरणार असाल तर त्याला तिसरी, वेगळी बरणी. त्या रंगातली चमकदार पूड पाण्यात तरंगत राहते आणि नंतर तुमच्या राखाडी पंखावर चकाकते. चहाचा कप पाण्यासाठी घेऊ नका आणि पाण्याशेजारी चहा ठेवूही नका.

मांडणीत बाजू महत्त्वाची. उजव्या हाताने रंगवत असाल तर पॅलेट, पाणी, टिश्यू हे तिन्ही उजवीकडे, मॉडेल समोर किंवा डावीकडे. ब्रश मॉडेलवरून ओलांडून पाण्याकडे नेऊ लागलात की थेंब नेमका तयार पंखावर पडतो.

छताचा पंखा बंद ठेवा, निदान एकवर आणा. पंख्याने पॅलेटवरचा थेंब बघता बघता वाळतो, ब्रशच्या टोकाला गाठ धरते, आणि धूळ व कपड्यांचे तंतू ओल्या रंगावर येऊन बसतात. एप्रिल-मेमध्ये हे जड जातं, म्हणून त्या दिवसांत सकाळी लवकर बसावं.

ओलं पॅलेट मात्र प्रत्येकाने करावं. घट्ट झाकणाचा चपटा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाशी किचन टिश्यूच्या चार-पाच घड्या ठेवून त्या पूर्ण भिजवा आणि वरचं मोकळं पाणी ओतून टाका. त्यावर बेकिंगचा पार्चमेंट कागद दाबून बसवा, खाली हवा राहू देऊ नका. या कागदातून ओल हळूहळू वर येते आणि रंगाचे थेंब तासन्‌तास ओले राहतात. मेणकागद चालत नाही, त्यातून ओल येतच नाही. झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही तोच रंग वापरता येतो, म्हणजे पुन्हा बाटली उघडणं नाही, पुन्हा छटा जुळवणं नाही. पावसाळ्यात दोन दिवसांनी टिश्यू बदला, नाहीतर बुरशीचा वास येतो. चंदेरी रंग ओल्या पॅलेटवर काढू नका, तो फाटतो. त्याला बाटलीचं जुनं झाकण पुरे.

तुकडे धुणं आणि धरणं

साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकवर तेलकट अंश असतो, त्यात बोटांचा घाम मिसळतो. त्यावर रंग धरत नाही, मागे सरकतो. मग माणूस आणखी रंग लावतो आणि ओघळ सुरू होतात. म्हणून तुकडे स्प्रूवर असतानाच, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला ते चिकटलेले असतात तिच्यासकट, भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्या. बेसिनमध्ये चाळण ठेवा. सुटलेला बारीक तुकडा मोरीत गेला की गेला.

आता धरायचं कशाने? रंग लावलेल्या वस्तूला बोट लागता कामा नये, यासाठी प्रत्येक तुकड्याला मूठ हवी. बारीक तुकडे स्प्रूवरच रंगवा. चौकट हीच मूठ. सुटे तुकडे टूथपिकवर किंवा बांबूच्या काडीवर चिकट पुट्टीने बसवा, पुट्टी म्हणजे भिंतीवर पोस्टर लावायला मिळते ती. कपड्यांचे चिमटेही कामाला येतात. शेजारी थर्माकोलचा जाड तुकडा ठेवा. रंगवून झालं की काडी त्यात खोचायची आणि विसरून जायचं.

मिग-२१ ला निसर्गदत्त म्हणावी अशी सोय आहे. त्याच्या शेपटाकडे इंजिनाचं गोल, पोकळ तोंड असतं. पेन्सिलीला मास्किंग टेप गुंडाळून तेवढी जाड करा आणि त्यात घट्ट बसवा. आता विमान पेन्सिलीवर फिरवता येतं, खालून-वरून दोन्ही बाजूंनी रंगवता येतं आणि शेवटी पेन्सिल जड बरणीत उभी करता येते. फक्त बरणी जड आहे याची खात्री करा.

चाकांसाठी याच सोयीचा पुढचा भाग. मिगच्या चाकांचा मधला भाग हिरवा आणि टायर काळपट असतो, आणि ही गोल कड हाताने काढायला गेलात तर वाकडी येते. चाकाच्या मधल्या भोकात टूथपिक घट्ट बसवा. आधी सगळं चाक हिरवं करून वाळू द्या. मग काळपट राखाडी रंगाचा ब्रश टायरच्या कडेला टेकवून हात स्थिर ठेवा, मनगट टेबलावर टेकलेलं असू द्या, आणि दुसऱ्या हाताने टूथपिक दोन बोटांत धरून हळूहळू फिरवा. ब्रश हलत नाही, चाक हलतं. कड एका फेरीत गोल येते, आणि पुसापुशीची वेळच येत नाही.

नाकाच्या तोंडातला शंकू बहुतेक किटमध्ये वेगळा तुकडा असतो आणि अनेक विमानांवर तो हिरवा असतो. तोही टूथपिकवर स्वतंत्र रंगवा, वाळला की बसवा. विमान जोडून झाल्यावर त्या चिमुकल्या तोंडात ब्रश घालणं म्हणजे कडेला डाग ठरलेलाच. कॉकपिटचंही तसंच: धडाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी आतलं रंगवून घ्यायचं. जे वेगळं असताना रंगवता येतं ते वेगळं असतानाच रंगवावं. मास्किंग टेप जितकी कमी लागेल तितकं बरं.

प्रायमर

प्रायमर म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा अस्तराचा थर. स्प्रे कॅनचा प्रायमर सपाट बसतो यात शंका नाही. पण सगळ्यात जास्त पसारा करणारी वस्तूही तीच, म्हणून पहिल्या विमानासाठी बाटलीतला, ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर घ्यावा असं माझं ठाम मत आहे. दोन पातळ थर, मध्ये पूर्ण वाळवण, झालं.

स्प्रेच वापरायचा असेल तर पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवून त्याच्या आत मॉडेल धरा आणि गच्चीवर जा. बाल्कनीतून उडालेली फवारणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पार्किंगमधल्या गाड्यांवर बसते. कॅन दीड-दोन मिनिटं नीट हलवा, २० ते २५ सेंटिमीटरवरून फवारा, आणि फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. झाल्यावर कॅन उलटा करून नुसती हवा येईपर्यंत दाबा, म्हणजे तोंड चोंदत नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात फवारू नका. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबलेलं बरं. गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती यांच्या आसपास स्प्रे अजिबात नको; त्यातला वायू पेट घेतो. आणि साधा कापडी किंवा एन-९५ मास्क थिनरच्या वाफा अडवत नाही. तो थेंब आणि धूळ अडवतो. वाफांसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क मिळतो, नाहीतर मोकळी हवा.

प्रत्यक्ष रंगवताना

पॅलेटवर दोन थेंब रंग, ओल्या ब्रशच्या टोकाने थोडं पाणी, आणि दुधाइतका पातळ होईपर्यंत कालवा. ब्रश केसांच्या निम्म्यापर्यंतच बुडवा. वरच्या धातूच्या पट्टीत रंग गेला की केस फाकतात, आणि फाकलेला ब्रश नको तिथे रेघा ओढतो. बुडवल्यावर लगेच विमानाकडे जाऊ नका. टिश्यूला एकदा टेकवा, जादा रंग जाऊ द्या. एवढी एक सवय लागली तर ओघळ जवळपास संपतात.

पहिला थर पट्टेरी आणि विरळ दिसेल. दिसू द्या. त्याच ओल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवला की रंग निघून येतो आणि खड्डे पडतात. तो वाळू द्या, तोवर दुसरा पंख घ्या. दोन किंवा तीन थरांत प्लॅस्टिक झाकलं जातं. पंखावर ब्रश नेहमी एकाच दिशेने न्या, पुढून मागे, जशी हवा वाहते तसा.

दोन छटांमधली सरळ रेघ हवी असेल तर मास्किंग टेप लावा. तामियाची ६ मिलिमीटरची पट्टी या मापाला सोयीची. टेपची कड टूथपिकच्या पाठीने दाबून बसवा, मग कडेवर आधी खालचाच रंग एकदा फिरवा. फटीतून जे झिरपायचं ते खालच्याच रंगाचं झिरपतं आणि दिसत नाही. त्यावर नवी छटा द्या आणि रंग हाताला चिकटेनासा झाला की टेप स्वतःवर दुमडून, सपाट कोनात, हळू ओढा. निघालेली टेप कडेला ओली असते. ती ट्रेच्या कोपऱ्यातल्या कागदाच्या पुडीत टाका, टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवू नका.

पंखांवरचा केशरी-पांढरा-हिरवा गोल हाताने रंगवायची गरज नाही, किटमधली डिकॅल, म्हणजे छापलेलं पातळ चित्र, पाण्यात भिजवून बसते. तिच्यासाठी वेगळी वाटी स्वच्छ पाणी घ्या, ब्रशचं नको.

उठण्याआधी

क्रम पाळा. सगळ्यात आधी विमान झाकणाच्या डब्यात किंवा केकच्या रिकाम्या खोक्याखाली ठेवा, म्हणजे आवरताना धक्का लागत नाही आणि रात्री धूळ बसत नाही. मग बाटल्यांची तोंडं पुसून झाकणं लावा. मग ब्रश. गार पाण्यात खंगाळा, अंगाच्या साबणाच्या वडीवर हलकेच गोल फिरवा, फेस पांढरा येईपर्यंत धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि आडवा वाळत ठेवा. पाण्याच्या बरणीत उभा सोडलेला ब्रश दुसऱ्या दिवशी वाकलेला मिळतो.

बरणीतलं पाणी लगेच ओतू नका. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. रात्रभर ठेवलं की बराचसा रंग तळाशी बसतो. वरचं पाणी अलगद ओता, गाळ टिश्यूने पुसून सुक्या कचऱ्यात टाका. इनॅमलकडे वळलात तर वापरलेलं थिनर बेसिनमध्ये कधीही जाऊ देऊ नका. झाकणाच्या काचेच्या बाटलीत साठवा. गाळ खाली बसला की वरचं निवळ थिनर पहिल्या धुण्याला पुन्हा वापरता येतं. रंगाचे रिकामे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. ते ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळे द्या.

डाग पडलाच तर

ओला ॲक्रिलिक म्हणजे काळजी नाही. कपड्यावर पडला तर उलट बाजूने गार पाण्याची धार लावा, साबण चोळा. गरम पाणी नको. वाळलेल्या डागावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा घरातला सॅनिटायझर कापसाने टिपा, घासू नका, आणि आधी शिवणीच्या आत लपलेल्या जागी कापडाचा रंग जातो का ते पाहा. सनमायकावर वाळलेला रंग जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने खरवडून निघतो. पॉलिश केलेल्या सागवानी टेबलावर मात्र सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका. लाखेचं पॉलिश अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि डागाच्या जागी मोठा पांढरा चट्टा उरतो. तिथे ओल्या साबणाच्या फडक्याने डाग मऊ करून नखाने उचलावा. शहाबादी फरशी रंग आत शोषून घेते, त्यामुळे घरात ती असेल तर खुर्चीखाली जुनी चादर अंथरूनच बसा.